क्लॅम्पवर कोरलेला आकडा आणि मंडपातला पाइप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण अर्ध्यावर आला की चौकाचौकांत टेम्पोतून पाइप उतरायला लागतात. मूर्तीची उंची, डीजेचा आवाज, मंडपाने अडवलेला रस्ता यांवर आपल्या सदरात दरवर्षी पत्रं येतात. त्याच मंडपात लोकांच्या डोक्यावर दहा-बारा फुटांवर वीस-वीस किलोचे फिरते दिवे आणि चाळीस किलोचे स्पीकर बोल्टच्या क्लॅम्पने लोखंडी पाइपला धरलेले असतात. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते लांबलं आहे. आकडे बरेच आहेत, पण मंडळाच्या कार्यकर्त्याला मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरपलीकडे काही लागणार नाही.

एका क्लॅम्पला किती वजन चालतं, असं विचारलं की लाइटवाला क्लॅम्प उलटा करून दाखवतो. पुष्कळ हाफ कपलरवर (एकाच पाइपला धरणाऱ्या क्लॅम्पवर) ५०० किलो असं कोरलेलंच असतं. तो आकडा खोटा नाही, पण तो फक्त क्लॅम्पच्या धातूचा आहे आणि त्याला अटी आहेत: पाइपचा बाहेरचा व्यास ४८ ते ५१ मिमी, भार सरळ खाली, बोल्ट कंपनीने सांगितला तेवढा आवळलेला. पाइप वाकेल का, क्लॅम्प पाइपवरून घसरेल का, वजन बाजूला काढलेल्या आर्मवर असेल तर काय होईल, हे त्या ५०० मध्ये कुठेच नाही. या सगळ्यांची उत्तरं काढायची आणि त्यांतलं सर्वात लहान ते खरं धरायचं. मंडपात ते सहसा क्लॅम्पचं निघत नाही.

आधी पाइप. परांचीला लागतो तो ‘दीड इंची’ पाइप म्हणजे ४० एनबी (एनबी हे पाइपचं आतलं, नावापुरतं माप). आयएस १२३९ या भारतीय मानकानुसार त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी आणि बी क्लासची, म्हणजे मध्यम, जाडी ३.२ मिमी. पोलादावर दर चौरस मिलिमीटरला १५० न्यूटनपर्यंत ताण चालेल असं धरलं, तर हा पाइप सुमारे ७२० न्यूटन-मीटरचा वाकवणारा मोमेंट (बळ आणि अंतर यांच्या गुणाकाराने मोजतात तो) घेतो. दोन टेकूंमध्ये ३ मीटर अंतर ठेवा. पाइपच्या स्वतःच्या वजनात ४० न्यूटन-मीटर जातात, उरतात ६८०. मधोमध टांगलेल्या भाराचा मोमेंट म्हणजे भार गुणिले अंतर भागिले चार. त्यावरून भार येतो ९०० न्यूटनच्या आसपास, आणि दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो, म्हणून उत्तर साधारण ९० किलो. त्या भाराला पाइप मध्यावर दोन सेंटीमीटरहून थोडा जास्त झोल देतो, तो खालून डोळ्यांना दिसतो. पाइप साध्या पाण्याच्या लाइनचा असेल आणि मालाची खात्री नसेल, तर १५० ऐवजी १२० धरा, मग ९० चे ७० होतात. क्लॅम्पवर लिहिलंय ५०० आणि तो ज्याला धरून आहे तो पाइप ७० ते ९० वरच हात टेकतो.

याच पाइपवर भार टेकूपासून एका फुटाच्या आत सरकवा, तो अडीचशे किलोपर्यंत घेईल. म्हणून ‘किती वजन?’ या प्रश्नाच्या मागोमाग ‘टेकूपासून किती लांब?’ हा प्रश्न यायलाच हवा. वीस किलोचे चार फिरते दिवे घ्या. असे दिवे डोकं फिरवताना आणि थांबताना झटका देतात, म्हणून प्रत्येकाचे तीस किलो मोजावेत. ते ३ मीटरच्या पाइपवर सारख्या अंतराने, म्हणजे दर ६० सेंटीमीटरवर एक असे लावले, तर मोमेंट ५४० च्या आसपास राहतो आणि काम भागतं. तेच चार दिवे मूर्तीवर उजेड पडावा म्हणून मध्यावर खेटून लावले की मोमेंट ९०० कडे जातो. सामान तेच, क्लॅम्प तेच, पाइपही तोच, पण आता तो मर्यादेच्या बाहेर गेला. मंडपात हे दर वर्षी होतं, कारण दिवे कुठे लावायचे ते सजावटवाला ठरवतो आणि टेकू कुठे द्यायचे ते मंडपवाला, आणि दोघे एका वेळी जागेवर नसतात.

पाइपची जाडी कशी ओळखायची? कापलेल्या टोकावर कॅलिपर लावता येतो, पण टोकाला बहुधा बर (कापताना उरलेली धारदार कड) असते किंवा ते चेपलेलं असतं. सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. ४० एनबी मध्यम पाइपची सहा मीटरची लांबी २१ किलोंच्या थोडी वर भरायला हवी. हलक्या क्लासची, २.९ मिमी जाडीची, साडेएकोणीसच्या आसपास. काट्यावर १४ किलो दिसले तर पाइप जेमतेम २ मिमी जाड आहे, आणि वरच्या हिशेबातले ९० किलो ६० वर आले. गंज खाऊन पातळ झालेले जुने पाइपही याच काट्यावर सापडतात. कोकणात किनाऱ्याजवळ दोन-चार पावसाळे उघड्यावर पडलेला भाड्याचा माल हमखास तोलून घ्यावा. वरून तो छान रंगवलेला असतो.

व्यासाचा घोळ याहून वाईट. बाजारात ‘दोन इंची’ म्हणून दोन वेगळे पाइप मिळतात. फर्निचरचा दोन इंची पाइप बाहेरून मोजला की ५०.८ मिमी भरतो, पाण्याच्या लाइनचा दोन इंची, म्हणजे ५० एनबी, भरतो ६०.३. दीड इंचीचीही तीच कथा: फर्निचरचा ३८.१ मिमी, लाइनचा ४८.३. एका मंडपात हे सगळे पाइप एकत्र येतात आणि क्लॅम्प मात्र एकाच पोत्यातून निघतात. ४८-५१ चा क्लॅम्प ३८ च्या पाइपवर बसवायचा झाला की मधे टायरच्या ट्यूबचा तुकडा, पुठ्ठा किंवा दुमडलेला फ्लेक्स कोंबला जातो. त्या क्षणी क्लॅम्पचा आकडा विसरावा. रबर दबत राहतं, पुठ्ठा पावसात भिजून चोथा होतो आणि संध्याकाळी घट्ट लागलेला बोल्ट सकाळी बोटांनी फिरतो.

क्लॅम्पच्या दोन पाकळ्यांच्या कानांमध्ये, जिथून बोल्ट जातो तिथे, पूर्ण आवळल्यावरही दोन-तीन मिलिमीटर फट उरली पाहिजे. कान एकमेकांना टेकले म्हणजे बोल्टची सगळी ओढ कानांतच संपली, पाइपला पकड मिळालीच नाही. पाना फिरवणाऱ्याला मात्र बोल्ट दगडासारखा घट्ट लागतो. वर्षानुवर्षं आवळून पाकळ्या पसरलेल्या जुन्या क्लॅम्पमध्ये योग्य व्यासाच्या पाइपवरही असंच होतं. शिडीवर चढून नुसत्या नजरेने तपासता येईल अशी ही एकच गोष्ट, आणि सर्वात जास्त दोष तीच दाखवते.

आता घसरण. आडव्या पाइपवरून खाली लोंबणाऱ्या दिव्याला घसरायचा प्रश्न नसतो, तिथे बोल्ट आणि पाइप भार घेतात. उभ्या खांबावर क्लॅम्प लावून त्यावर स्पीकर किंवा कॅमेरा बसवला की सगळं वजन फक्त घर्षणावर असतं. दोन पायांचा यू-बोल्ट घेऊ. बोल्टमधली ओढ काढायचा ठोकताळा असा: टॉर्क (पान्याने आवळताना लावलेला पीळ) भागिले ०.२ भागिले बोल्टचा व्यास मीटरमध्ये. एम-८ चा, म्हणजे ८ मिमी व्यासाचा, साधा यू-बोल्ट १० न्यूटन-मीटरला आवळला, तर एका पायात ६,२५० न्यूटन ओढ येते. दोन पायांची मिळून १२,५००. पाइप पुढून पट्टीवर आणि मागून यू-बोल्टच्या कमानीवर तेवढ्याच जोराने दाबला जातो, म्हणजे घर्षण दोन ठिकाणी. घर्षणाचा गुणांक जस्ताच्या पाइपवर ०.१५ धरू. उत्तर येतं ३,७५० न्यूटन, म्हणजे कागदावर ३७५ किलो.

या ३७५ वर कुणी विसंबू नये. टॉर्कवरून काढलेली ओढ पंचवीस ते तीस टक्के इकडेतिकडे होते, कारण पान्याला लावलेल्या जोराचा मोठा भाग आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणातच जातो. आटे गंजलेले असतील तर टॉर्क पुरता आणि ओढ अर्धी. त्यात रंगाचा थर दबतो, नट बसतो, पहिल्याच दिवशी थोडी ओढ कमी होते. म्हणून निम्मी ओढ धरावी आणि खाली माणसं बसणार असतील तर वरून तीनने भागावं. ३७५ चे राहतात ६० किलो. पाइप नुकताच ऑइल पेंटने रंगवला असेल तर ४० च्या वर जाऊ नये. हिशेब कंजूष वाटेल, पण या क्लॅम्पची किंमत एका नारळाएवढी असते. एक लावायच्या जागी दोन लावायला काय हरकत आहे?

खरं तर खांबावरच्या प्रत्येक भारवाहू क्लॅम्पच्या खाली, त्याला भिडून, दुसरा रिकामा क्लॅम्प आवळावा. परांची बांधणारे जाणते लोक हे करतातच. वरचा सरकला तर खालच्यावर बसतो आणि दोघांमधली जी फट आधी नव्हती ती दिसली की काहीतरी सुटलंय हे कळतं.

हीच पकड फिरण्याविरुद्ध फार कमी पुरते, आणि याचा विचार होत नाही. पाइपभोवती क्लॅम्प फिरू नये म्हणून जो मोमेंट मिळतो तो घर्षणाचं बळ गुणिले पाइपची त्रिज्या, आणि त्रिज्या आहे फक्त २४ मिमी. वरच्या यू-बोल्टला कागदावर ९० न्यूटन-मीटर मिळतात, काटछाट केल्यावर पंधरा. आता आडव्या पाइपला पाव मीटरचा आर्म बाहेर काढून त्यावर पंधरा किलोचा दिवा लावा: ३७ न्यूटन-मीटर झाले. हा दिवा पहिल्या रात्री सरळ असतो, तिसऱ्या रात्री थोडा खाली बघायला लागतो. ऑपरेटर त्याला पुन्हा सरळ करतो आणि पाना न लावता उतरतो. क्लॅम्प फिरतोय याचा अर्थ त्याची पकड संपत आली आहे, आणि एखादी गोष्ट पडण्याआधी इतकी स्पष्ट सूचना फार क्वचित मिळते. आर्म काढायचाच असेल तर समांतर दोन पाइपांना दोन क्लॅम्प लावून काढावा, म्हणजे फिरण्याचा प्रश्नच उरत नाही.

उभ्या खांबावरच्या ब्रॅकेटला दोन क्लॅम्प असतात तेव्हा त्यांच्यातलं उभं अंतर महत्त्वाचं. चाळीस किलोचा स्पीकर, त्याचा मध्य खांबापासून ३०० मिमी बाहेर: मोमेंट १२० न्यूटन-मीटर. क्लॅम्प २५० मिमी अंतरावर असतील तर वरचा क्लॅम्प ४८० न्यूटनने बाहेर ओढला जातो आणि खालचा तेवढ्यानेच खांबावर रेटला जातो. तेच क्लॅम्प १०० मिमीवर खेटून लावले की ओढ १,२०० न्यूटन. वजन एक किलोनेही वाढलं नाही. क्लॅम्प घालायला जागा नाही म्हणून ते एकमेकांना खेटून लावणं ही पडझडीची सुरुवात ठरू शकते. आणि दोन क्लॅम्प आहेत म्हणून उभा भार निम्मा-निम्मा वाटला जाईल असं मानू नये. जो जास्त आवळलेला असतो तोच सगळं वजन घेतो, दुसरा नुसता सोबतीला.

परांचीच्या क्लॅम्पमध्येही जात बघावी लागते. काटकोनात दोन पाइप धरणारा फिक्स क्लॅम्प आणि कोणत्याही कोनात फिरणारा स्विव्हल, दोन्ही जुन्या ब्रिटिश मानकात ६.२५ किलोन्यूटनचे, म्हणजे सहाशे किलोंच्या पुढचे. पण फळीखालचा आडवा पाइप नुसता जागेवर धरून ठेवायला जो एकेरी क्लॅम्प येतो, तो फक्त ०.६३ चा, साधारण ६४ किलो. पोत्यात दोघे शेजारी असतात, एकाच रंगाचे. युरोपच्या ईएन ७४ या मानकात ए वर्गाचा काटकोनी कपलर १० किलोन्यूटनपर्यंत आणि बी वर्गाचा १५ पर्यंत घसरू नये अशी अट आहे, आणि त्याला १.६५ ने भागून कामाचा भार ६.१ आणि ९.१ धरतात. ही चाचणी नट ५० न्यूटन-मीटरला आवळून होते. तुमचा नट २० ला आवळलेला असेल तर तुमचा ए वर्ग कागदावरच राहिला. घडवलेल्या क्लॅम्पऐवजी पत्र्याचा दाबून केलेला स्वस्त क्लॅम्प असेल आणि त्यावर कोणतंच चिन्ह नसेल, तर त्याला एकेरी क्लॅम्पइतकंच मानावं. ॲल्युमिनियमच्या ट्रसवर (नळ्या जोडून केलेल्या जाळीदार तुळईवर) यांतलं काहीही लावू नये. ट्रसची नळी बहुधा ५० मिमी बाहेरची आणि दोन-तीन मिमी जाड असते. परांचीच्या क्लॅम्पची कड तिला चेपते, आणि चेपलेल्या ट्रसचा, किती भार चालतो ते सांगणारा, तक्ता मग कामाचा राहत नाही. तिथे ॲल्युमिनियमचाच रुंद कपलर हवा.

‘५० न्यूटन-मीटर मोजणार कसे?’ असं कुणी विचारेल. टॉर्क रेंच असेल तर उत्तम. नसेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो दिसले की ५० न्यूटन-मीटर झाले. एम-१२ च्या साध्या बोल्टला १४ किलो, एम-१० ला ८, एम-८ ला फक्त ४. शेवटचा आकडा नीट वाचावा. एम-८ चा साधा बोल्ट १३ न्यूटन-मीटरच्या आसपास त्याच्या सोसण्याच्या टोकाला पोहोचतो, आणि एक धट्टाकट्टा माणूस हाताच्या पान्याने त्याच्या दीडपट सहज लावतो. ‘अजून एक पीळ’ देण्याच्या सवयीने लहान बोल्ट लांबतात. ते तेव्हा तुटत नाहीत, ढोल वाजायला लागल्यावर तुटतात. पान्याला पाइप घालून लांबी वाढवणाऱ्याला खाली उतरवावं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा वर्ग लिहिलेला असेल तर तो बराच जास्त घेतो. डोकं कोरं असेल तर साधा ४.६ समजावा. आणि पंखांचा नट, जो बोटांनी फिरवतात, तो माणसांच्या डोक्यावर नकोच.

कंपनाबद्दल एक गैरसमज पक्का आहे: स्प्रिंग वायसर टाकला की काम झालं. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की जोडाला आडवे हेलकावे बसले तर बोल्ट आपोआप उलटा फिरतो. त्याच्या पद्धतीच्या यंत्रावर स्प्रिंग वायसर सहसा फार काळ तग धरत नाही. स्पीकर ज्या पाइपवर आहे त्याच पाइपवर दिवे लावले तर त्यांना नेमके असेच हेलकावे रात्रभर बसतात. बेस वाजताना पाइपला हात लावून बघा, बोटांना मुंग्या येतात. नायलॉनचा नट उपयोगी आहे, पण तो नट निखळून पडू देत नाही इतकंच. सैल झालेली ओढ तो परत देत नाही. ती पानाच देतो. म्हणून मंडप उभा राहिल्यावर चोवीस तासांनी एकदा सगळे बोल्ट, मग रोज आरतीच्या आधी डोक्यावरचे, आणि मोठी सर येऊन गेल्यावर पुन्हा. स्पीकरचा पाइप आणि दिव्यांचा पाइप मुळातच वेगळे ठेवता आले तर निम्मं काम वाचतं.

हे सगळं करूनही गणित एका गोष्टीने मोडतं, ती म्हणजे शेवटच्या दिवशी आलेला फ्लेक्स. शुभेच्छुकांचा ३ बाय २ मीटरचा फलक दोन-तीन किलोचा असतो आणि तो दिव्यांच्याच पाइपला बांधला जातो. वाऱ्याचा दाब, न्यूटन दर चौरस मीटर, म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर दर सेकंदात. भाद्रपदातल्या वावटळीचा झोत ताशी ७२ किलोमीटर धरला तर २० मीटर दर सेकंद, दाब २४०. सहा चौरस मीटरला, फलकाच्या आकाराचा १.२ चा गुणांक लावून, १,७३० न्यूटन होतात. तीन किलोचा कपडा १७५ किलोने आडवा ओढतो, आणि हा पाइप उभ्या भारासाठी मोजलेला होता, आडव्यासाठी नाही. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग ३९ आणि मुंबईसाठी ४४ मीटर दर सेकंद दिला आहे. मंडपासाठी तो नेमका किती घ्यायचा हे अभियंता ठरवेल, पण फलकाला वेगळे खांब हवेत हे ठरवायला अभियंत्याची गरज नाही. फ्लेक्सला जी अर्धचंद्राकृती भोकं पाडतात त्यांनी फारसं काही होत नाही. जेवढं कापड खरोखर निघून जातं तेवढाच वारा आरपार जातो.

गच्चीवरच्या डिशला, सीसीटीव्हीच्या खांबाला, वायफायच्या अँटेनाला हाच हिशेब लागू आहे. तिथे वजन नगण्य आणि वारा सर्वस्व. मंडप दहा दिवसांचा, ते दहा वर्षांचं, म्हणून तिथे ३९ आणि ४४ हेच आकडे घ्यायचे आणि गरम जस्ताच्या मुलाम्याचा माल वापरायचा. पिवळसर चमकणारा पातळ मुलामा दोन पावसाळ्यांत जातो.

सेफ्टी वायर बहुतेक जण लावतात, पण लांब लावतात. वीस किलोचा दिवा ३० सेंटीमीटर पडून मग वायरीने अडला तर त्याच्यात ५९ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. पोलादी वायर ताणत नाही, समजा ती दोन सेंटीमीटरमध्ये त्याला थांबवते, तर झटका ३,००० न्यूटनचा, म्हणजे तीनशे किलोचा. सैलपणा जेवढा कमी तेवढा झटका कमी. वायर दिव्याच्या दांडीतून काढून थेट पाइपभोवती घ्यावी, क्लॅम्पच्या कानातून नाही, कारण क्लॅम्पच गेला तर ती कशाला धरणार? सळ्या बांधायची तार ही सेफ्टी वायर नव्हे. वायरीचा फासा क्लिपांनी करत असाल तर निदान तीन क्लिपा हव्यात आणि क्लिपेची खोबण असलेली बाजू ओढ येणाऱ्या दोरावर, यू-बोल्टची बाजू मोकळ्या शेपटावर. उलटं बसवलं तर यू-बोल्ट भार घेणाऱ्या दोरातच रुततो.

एवढं गणित ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी पाण्याचे जार आहेत. वीस लिटरचा भरलेला जार म्हणजे वीस किलो आणि वर जारचं थोडं. ट्रस किंवा पाइप वर चढवण्याआधी, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतानाच, ज्या जागी वीस किलोचा दिवा येणार तिथे दोन जार टांगा. क्लॅम्पच्या दोन्ही कडांना आणि नटावर पेंट मार्करने रेघ ओढा, ती पाइपवरही यायला हवी. पंधरा मिनिटं थांबा. आर्म असेल तर जार आर्मच्या टोकालाच हवेत, बुंध्याशी नाही. रेघ केसभर जरी तुटली तरी तो क्लॅम्प त्या जागी नको. हीच रेघ पुढचे दहा दिवस खालून दुर्बिणीने किंवा मोबाइलचा झूम लावून तपासता येते, रोज शिडी लावावी लागत नाही. चाचणी करताना जारखाली पाय नको आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये, हे सांगायला लागू नये, पण सांगितलेलं बरं.

महापालिका, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या परवानग्यांसाठी मंडळं कागद गोळा करतातच. त्या गठ्ठ्यात मंडपवाला, लाइटवाला आणि साउंडवाला अशा तिघांच्या सह्यांचा एक कागद मंडळाने स्वतःहून घालावा. त्यावर पाइपची जाडी, टेकूंमधलं अंतर, प्रत्येक पाइपवर कुठे किती किलो आणि बोल्ट कोणी कधी तपासले, एवढंच. तिघांनी तो कागद एका टेबलावर बसून भरला की दिवे मध्यावर खेटून लावायचे की नाहीत हा प्रश्न मंडप उभा राहण्याआधी निघेल.

विसर्जनानंतर माल परत पोत्यात जातो, तेव्हा अजून एक तास द्यावा. प्रत्येक नट बोटांनी पूर्ण आट्यांवरून फिरवून बघावा. मधेच अडला आणि पुढे पुन्हा मोकळा झाला, तर तिथे बोल्ट लांबला आहे. तो आणि ज्याच्या पाकळ्यांचे कान टेकत होते तो क्लॅम्प, दोन्ही भंगारात. नुसते बाजूला ठेवले तर नवरात्रात तेच परत वर चढतात.

आपले,
यंत्र आणि बांधकाम क्षेत्रात काम करणारे काही अभियंते, पुणे